दात्याच्या वीर्यातून होणाऱ्या उपचारांचा खर्च सरकारने उचलावा का?

प्रश्न
वंध्यत्वावरील उपचारांना सार्वजनिक पैसा मिळावा, हे मला मान्य आहे. परंतु एकटी स्त्री किंवा दोन स्त्रियांचे जोडपे दात्याचे वीर्य मागते, तेव्हा आजार नेमका कोणाचा? शिवाय दाता तर दान करतो. मग खर्च कसला?

प्रतिसाद १
खर्च दानाचा नसून त्यानंतरच्या सोपस्कारांचा आहे. दात्याची एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ आणि उपदंश यांसाठी तपासणी होते. वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवले जाते, आणि प्रचलित पद्धतीत सहा महिन्यांनी दात्याची पुन्हा तपासणी झाल्यावरच ते वापरण्यास मोकळे होते. गोठवणे न सोसणारे वीर्य बाद होते, त्यामुळे इच्छुकांपैकी पुष्कळांना परत पाठवावे लागते.

आता आजाराचे. पतीच्या वीर्यात शुक्राणूच नसतील, तर दात्याचे वीर्य पत्नीच्या गर्भाशयात सोडतात. म्हणजे उपचार होतो तो निरोगी स्त्रीवर. पतीचा दोष जिथल्या तिथेच राहतो. या जोडप्याला मदत देताना ‘आजार कोणाचा’ असे कोणी विचारत नाही. तोच उपचार, तीच सुई (खरे तर बारीक नळी), मग प्रश्न फक्त पतीविना आलेल्या स्त्रीलाच का?

प्रतिसाद २
सरकारी आरोग्यसेवेने कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना पाहाव्यात. चाळिशीच्या आतील स्त्रीला आयव्हीएफची (शरीराबाहेर फलन घडवून गर्भ गर्भाशयात सोडण्याची) तीन पूर्ण आवर्तने द्यावीत, अशी त्यांची शिफारस होती. मात्र स्त्री-पुरुष जोडप्याने दोन वर्षे प्रयत्न केलेले असावेत, तर दात्याचे वीर्य वापरणाऱ्यांनी कृत्रिम रेतनाची (वीर्य नळीने आत सोडण्याची) बारा आवर्तने केलेली असावीत, असे त्यात होते. गर्भ राहत नसल्याचा पहिल्यांचा पुरावा घरच्या घरी तयार होतो, दुसऱ्यांना तो बहुधा पदरच्या पैशाने विकत घ्यावा लागला.

प्रतिसाद ३
तिजोरीला तळ असतो, हेही ध्यानात घ्या. इस्रायल दोन अपत्यांपर्यंत आयव्हीएफचा खर्च उचलतो, अविवाहित स्त्रियांचाही. प्रत्येक देशाला ते झेपणार नाही. कात्री लावायचीच असेल, तर ती वय आणि यशाची शक्यता पाहून लावावी, वैवाहिक स्थिती पाहून नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता
प्रतिसाद १ मधील शुक्राणू नसलेल्या पतीचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे. तरीही माझी एक अट राहील. स्वीडनने १९८५ मध्ये दात्याची निनावी स्थिती संपवली. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. सार्वजनिक पैसा जाईल तिथे अशी नोंद सक्तीची हवी.

प्रतिसाद २
अट योग्यच आहे, पण ती उलट बाजूनेही वाचा. सार्वजनिक मदतीअभावी ज्यांना दवाखाना परवडत नाही त्या ओळखीतून परस्पर दाता शोधतात. तिथे ना तपासणी, ना नोंद, आणि काही परिस्थितींत तो दाता कायद्याने मुलाचा पिताही ठरतो.