ऑफिसातले ११० संगणक: सगळे नवे घ्यायचे की आहेत तेच नीट चालवायचे?

प्रश्न: टेबलाखालचीवायर

नमस्कार. ऑफिसच्या आयटीची जबाबदारी माझ्याकडे आहे. वीज आणि ई-कचरा दोन्ही कमी करायचं असं व्यवस्थापनाने ठरवलंय. त्यांना सुचलेला पहिला उपाय म्हणजे जुने संगणक काढून टाकायचे आणि कमी वीज खाणारे मिनी पीसी आणायचे. ऑर्डर जाण्याआधी जाणकारांचं मत हवंय.

सध्या ७० डेस्कटॉप आहेत. इंटेलच्या सहाव्या ते आठव्या पिढीचे, ८ जीबी रॅम, बहुतेकांत अजून हार्ड डिस्क. ४० लॅपटॉप आहेत, त्यांच्या बॅटऱ्या थकल्यात. एका छोट्या सर्व्हर रूममध्ये ४ सर्व्हर, एक यूपीएस आणि कायम १८ अंशांवर चालणारा एसी.

स्लीपची सेटिंग सगळीकडे टाकली आहे, तरी रात्री निम्मी यंत्रं जागीच सापडतात. जे लोक घरून रिमोटने जोडतात त्यांनी तर स्लीप बंदच करून ठेवलंय. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे जुनी यंत्रं ठेवायची तर कशी, हाही प्रश्न आहेच. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १: वॉटमीटर

आधी मोजा. प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर घ्या आणि चार-पाच वेगवेगळ्या डेस्कटॉपना शनिवार-रविवार धरून आठवडाभर लावा. काम चालू असताना, नुसतं जागं असताना, स्लीपमध्ये आणि बंद असताना किती वॉट लागतात ते लिहून ठेवा. पॉवर सप्लायवर छापलेला आकडा हिशेबात घेऊ नका, ती कमाल क्षमता असते.

तुमच्या पिढीचा डेस्कटॉप रिकामा बसून साधारण ४५ वॉट घेतो असं धरू. आठवड्याचे १६८ तास, त्यातले कामाचे ५० वजा केले की ११८ उरतात. यंत्र जागंच राहिलं तर आठवड्याला सव्वापाच युनिटच्या वर आणि वर्षाला सुमारे २६५ युनिट वाया. स्लीपमध्ये २ वॉट धरले तर हेच वर्षाला १२ युनिट होतात. म्हणजे एकेका डेस्कटॉपमागे २५० युनिटची बचत, आणि काहीही विकत न घेता.

आता मिनी पीसीचा हिशेब. तो १२ वॉटवर चालला तर कामाच्या तासांत ३३ वॉट वाचतील, वर्षाच्या २५०० तासांत ८२ युनिट. स्लीप नीट करून मिळतं त्याच्या एक तृतीयांश. एका युनिटमागे ०.५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला (तुमच्या वीजपुरवठ्याचा खरा आकडा टाका) तर वर्षाला ४१ किलो. यंत्र तयार होताना १५० किलो उत्सर्जन झालं असं मानलं, तर ते फिटायला पावणेचार वर्षं लागतात, आणि तोवर ते यंत्रच बदलायची भाषा सुरू झालेली असते. मोठ्या कंपन्या प्रत्येक मॉडेलचं कार्बन पत्रक प्रसिद्ध करतात. त्यातला निर्मितीचा आकडा घेऊन हाच हिशेब पुन्हा करा आणि तो कागद व्यवस्थापनासमोर ठेवा.

लॅपटॉपबाबत तर हे आणखी ठळक आहे. तो मुळात कमी वीज खातो, त्यामुळे आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो तुमच्या टेबलावर येण्याआधीच होऊन गेलेला असतो. चारऐवजी सहा वर्षं वापरला तर निर्मितीचा वार्षिक वाटा थेट एक तृतीयांशाने घटतो. वीज वाचवण्यासाठी चालू स्थितीतला लॅपटॉप बदलणं हा माझ्या मते सरळ तोटा आहे.

प्रतिसाद २: निद्रानाश

यंत्रं झोपत का नाहीत, हे विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी' ही कमांड 'रिक्वेस्ट्स' या पर्यायासह चालवा. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर झोपू देत नाही त्याची यादी येते. ऑफिसात नेहमी सापडणारे तीन दोषी: ऑडिओचा प्रवाह उघडा ठेवणारं कॉलिंग सॉफ्टवेअर, ब्राउझरमधला उघडा राहिलेला व्हिडिओ टॅब, आणि 'एसआरव्हीनेट' हा ड्रायव्हर. तिसरा दिसला तर दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर या संगणकातली शेअर केलेली फाइल उघडी आहे. 'रिक्वेस्ट्सओव्हरराइड'ने त्याकडे दुर्लक्ष करायला लावता येतं, पण मग समोरच्याची फाइल मध्येच तुटते. खरा उपाय म्हणजे तो शेअर सर्व्हरवर हलवणं.

झोपून पुन्हा उठत असतील तर 'लास्टवेक' आणि 'वेकटाइमर्स' हे पर्याय पाहा. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'फक्त मॅजिक पॅकेटने उठव' यावर खूण करा (मॅजिक पॅकेट म्हणजे यंत्राला उठवण्यासाठी नेटवर्कवरून पाठवलेला खास संदेश). नाहीतर नेटवर्कवरची किरकोळ चौकशीही यंत्राला जागं करते. माउसची उठवण्याची परवानगी काढा, कीबोर्डची ठेवा. टेबलाला धक्का लागून रात्री उठणारी यंत्रं यानेच थांबतात.

सेटिंग हाताने टाकू नका, ग्रुप पॉलिसीने (सगळ्या यंत्रांना एका जागेवरून सेटिंग देण्याची विंडोजची सोय) टाका: स्क्रीन ५ मिनिटांनी बंद, २० मिनिटांनी स्लीप. स्क्रीनसेव्हर काढून टाका. तो चालू असतो तोवर मॉनिटर पूर्ण वीज घेत राहतो.

घरून जोडणाऱ्यांचा प्रश्न मात्र आधी सोडवा. यंत्र झोपलं की आपलं काम अडतं, असं एकदा झालं की ते लोक स्लीप बंद करणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना वेक-ऑन-लॅन द्या, म्हणजे वेबपानावर बटण दाबलं की त्यांचं यंत्र उठेल. हे बिघडतं ते साधारण अशा जागी:

- मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्टने जातं, त्यामुळे ते एका व्हीलॅनमधून (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) दुसऱ्यात राउटर जाऊ देत नाही. प्रत्येक व्हीलॅनमध्ये कायम चालू असलेलं एखादं यंत्र ते पाठवण्यासाठी नेमा.
- बायोसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) 'डीप स्लीप' किंवा 'ईआरपी' हे वीजबचतीचे पर्याय चालू असतील तर नेटवर्क कार्डाची वीजच तुटते.
- विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी अर्धवटच बंद होण्याची सोय) चालू असताना शटडाउन केलेलं यंत्र बहुधा उठत नाही. ते बंद करा आणि लोकांना शटडाउनऐवजी स्लीपची सवय लावा.
- वीज जाऊन आल्यावर काही बोर्डांवर कार्ड एकदा बूट झाल्याशिवाय सज्ज होत नाही. बायोसमध्ये 'वीज परतल्यावर चालू हो' हा पर्याय निवडा, पुढे स्लीपची पॉलिसी त्याला झोपवेल.

वायफायवर यातलं काही भरवशाचं नाही. डेस्कटॉपना केबल हवीच. आणि संध्याकाळी भिंतीवरची बटणं बंद करण्याची मोहीम काढू नका. त्याने यंत्रामागे १-२ वॉटच वाचतात, पण रात्रीचे अपडेट चुकतात आणि सकाळी सगळा भार एकदम येतो.

प्रतिसाद ३: स्क्रूड्रायव्हर_फिलिप्स

विंडोजबद्दल: आठव्या पिढीची यंत्रं बाजूला काढा, ती विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालतात. 'टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही' असा संदेश आला तर लगेच यंत्र बाद करू नका. इंटेलच्या बोर्डावर तो 'पीटीटी' नावाने बायोसमध्ये असतो आणि बऱ्याचदा नुसता बंद असतो. दुसरी अडचण म्हणजे जुनं इन्स्टॉलेशन लेगसी बायोस पद्धतीने झालेलं असतं. त्यासाठी डिस्कची जुनी मांडणी नव्या पद्धतीत बदलणारं 'एमबीआरटूजीपीटी' हे साधन विंडोजमध्येच आहे. बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) तात्पुरता थांबवा, आधी 'व्हॅलिडेट' चालवा, मग 'कन्व्हर्ट', आणि त्यानंतर फर्मवेअर यूईएफआयवर (बायोसची नवी पद्धत) न्या. हा क्रम चुकला तर यंत्र बूट होत नाही.

सहाव्या-सातव्या पिढीसाठी तीन वाटा. ज्यांचं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना लिनक्स द्या. रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांची यंत्रं थिन क्लायंट म्हणून, म्हणजे सर्व्हरवर चालणारं काम दाखवण्यापुरतीच, वापरा. एखाद्या सॉफ्टवेअरमुळे विंडोज सुटतच नसेल तर संस्थांसाठीचे सशुल्क वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतात. त्याचा दर दरवर्षी दुप्पट होतो, तेव्हा तो मोजक्याच यंत्रांना घ्या.

यंत्र 'जुनं झालं' अशी तक्रार येते त्यातल्या बहुतेक वेळा दोष हार्ड डिस्कचा असतो. २५६ जीबीची साटा एसएसडी आणि ८ ऐवजी १६ जीबी रॅम, एवढं बसवलं की ऑफिसच्या कामाला प्रोसेसर भरपूर पुरतो. रॅम घेण्याआधी स्लॉट किती रिकामे आहेत आणि डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते उघडून पाहा, सहाव्या पिढीत दोन्ही सापडतात. डिस्क क्लोन करण्यापेक्षा नवीन इन्स्टॉलेशन बरं, वर्षानुवर्षांचा साठलेला कचरा सोबत येत नाही.

उघडलंच आहे तर धूळ काढा. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर बदला. आणि सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बघा. तो संपला की घड्याळ मागे जातं, वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध दिसतात, लॉगिन अडतं, आणि लोक 'मदरबोर्ड गेला' समजून यंत्र भंगारात टाकतात. नवा बसवून मल्टिमीटरवर ३ व्होल्ट येतात का ते पाहिलं की झालं.

लॅपटॉपसाठी 'पॉवरसीएफजी'चाच 'बॅटरीरिपोर्ट' पर्याय. मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज होणारी क्षमता शेजारी दिसतात. ६० टक्क्यांच्या खाली गेली आणि माणूस फिरतीवर असेल तर बदला. कायम टेबलावरच असेल तर राहू द्या. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट मिटत नाही अशी बॅटरी फुगलेली असते. ती लगेच चार्जरवरून काढा, दाबू नका, टोचू नका, इतर कचऱ्यात टाकू नका. ज्या नव्या बसवाल त्यांना बायोसमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांची मर्यादा घाला. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी गरम यंत्रात दिवसचे दिवस ठेवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

प्रतिसाद ४: थंडगल्ली

१८ अंशांची काही गरज नाही. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, आणि ते तापमान सर्व्हर जिथून हवा ओढतो तिथलं. एसीच्या रिमोटवरचा आकडा त्यासाठी उपयोगाचा नाही. रॅकच्या पुढच्या बाजूला वर, मध्ये आणि खाली असे तीन सेन्सर लावा. दर दोन-तीन दिवसांनी एक अंश वाढवत २४ पर्यंत या. वरचा सेन्सर खालच्यापेक्षा बराच गरम दाखवत असेल तर मागची गरम हवा वरून पुढे येते आहे. रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने बंद करा, ती झाकणं खूप काम करतात.

२७ च्या कडेला जाऊ नका. एकतर सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागतात आणि एसीत वाचवलेली वीज तिथे जाते. दुसरं म्हणजे यूपीएस त्याच खोलीत असेल तर त्यातल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. यूपीएसच्या पडद्यावर लोड किती आहे तेही बघा. फारच कमी, म्हणजे १०-१५ टक्के असेल तर तो क्षमतेपेक्षा मोठा आहे आणि कमी कार्यक्षमतेवर चालतोय. आत्ता बदलू नका, पण बॅटऱ्या बदलायची वेळ येईल तेव्हा लक्षात ठेवा.

चार सर्व्हरचा महिन्याभराचा सीपीयू आणि रॅमचा आलेख काढा. सगळं काम दोन यंत्रांवर आभासी करून (एकाच यंत्रात अनेक सर्व्हर सॉफ्टवेअरने चालवून) चालत असेल तर दोन बंद करता येतात. एक पडला तर दुसऱ्यावर पूर्ण भार मावला पाहिजे, तेव्हा मर्यादा बहुधा रॅमची येते, सीपीयूची नाही.

टेबलाखालचीवायर

मनापासून आभार. मापन आणि 'रिक्वेस्ट्स'पासून सुरुवात करतो. दोन गोष्टी राहिल्या. जुने ईमेल डिलीट करण्याची मोहीम काढावी असं सुचवलं जातंय, त्याचा उपयोग आहे का? आणि जी यंत्रं खरोखर जाणार आहेत त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद ५: वॉटमीटर

ईमेलची मोहीम काढू नका. साठवलेल्या मजकुराला लागणारी वीज इतकी थोडी आहे की डिलीट करण्यासाठी माणूस जेवढा वेळ यंत्रासमोर बसेल त्यातच ती जाईल. लोकांचा उत्साह मर्यादित असतो, तो लॅपटॉप जपण्यासाठी वापरा. एलसीडी मॉनिटरवर डार्क थीमनेही फरक पडत नाही, कारण मागचा दिवा तेवढाच जळतो. ब्राइटनेस उतरवल्याने पडतो.

प्रिंटरवर दोन्ही बाजूंची छपाई डिफॉल्ट करा आणि कार्ड दाखवल्यावरच कागद बाहेर येईल अशी सोय करा. ट्रेमध्ये नुसते पडून राहणारे कागद मग छापलेच जात नाहीत.

प्रतिसाद ६: कोरीपाटी

यंत्रं काढताना आधार म्हणून एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेचा डेटा पुसण्याबद्दलचा ८००-८८ हा दस्तऐवज धरा. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट पुरतं. एसएसडीवर ते पुरत नाही, कारण राखीव ठेवलेल्या ब्लॉकपर्यंत ओव्हरराइट पोचेलच असं नाही. साटा एसएसडीला 'सिक्युअर इरेज', एनव्हीएमईला (नव्या, जास्त वेगवान जोडणीच्या एसएसडीला) 'सॅनिटाइझ' कमांड द्या. साटा डिस्क 'फ्रोझन' (पुसण्याची कमांड अडवलेली) असल्याचा संदेश आला तर यंत्र एकदा स्लीपमध्ये टाकून उठवा, बहुधा सुटते. नव्या यंत्रांवर पहिल्या दिवसापासून पूर्ण एन्क्रिप्शन ठेवलं तर शेवटी किल्ली नष्ट करून काम भागतं. डिस्कला भोकं पाडणं हा शेवटचा उपाय ठेवा, पुसता न येणाऱ्या नादुरुस्त डिस्कसाठी. चांगली डिस्क फोडली की ते यंत्र पुढच्या माणसाच्या उपयोगाचं राहत नाही.

पुसून झाल्यावर यंत्र दुसऱ्याला द्यायच्या अवस्थेत आहे का ते तपासा, हे फार ठिकाणी राहून जातं. बायोसचा पासवर्ड काढा. यंत्र ऑटोपायलट (मायक्रोसॉफ्टची संस्थेच्या यंत्रांची नोंदणी) किंवा तुमच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेलं असेल तर ती नोंद काढा. ॲपलच्या उपकरणांवरचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक उतरवा. हे राहिलं तर घेणाऱ्याला यंत्र उघडताच येत नाही आणि धडधाकट लॅपटॉप सुट्या भागांच्या भावाने जातो. चार्जर यंत्रासोबतच द्या. भंगारवाला निवडताना अधिकृत परवाना आणि प्रत्येक सिरीयल नंबरची पुसल्याची नोंद मागा. २०२२ मध्ये जगभरात ६२ दशलक्ष टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

पुढची खरेदी कधीतरी होईलच, तेव्हा निविदेत ईपीट किंवा टीसीओ हे पर्यावरणपूरक उपकरणांचं प्रमाणन मागा, पण त्यावर थांबू नका. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नसावी, बॅटरी स्क्रू काढून बदलता यावी, सुटे भाग आणि फर्मवेअर अपडेट किती वर्षं देणार ते लेखी द्यावं, या अटी घाला. यातली रॅमची अट अनेक पातळ मॉडेलना बाद करते. विक्रेता कुरकुरेल, तरी ती सोडू नका.