थायलंड-व्हिएतनाममध्ये भाड्याची बाईक: हाड मोडलं तर बिल कोण भरतं?

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही पाच जण नागपूरहून निघतोय. आधी थायलंडमध्ये चियांग माई ते पाई, मग व्हिएतनाममध्ये 'हा जांग' या डोंगराळ भागाची फेरी, दोन्ही भाड्याच्या बाईकवर. एजंटने 50,000 डॉलरची ट्रॅव्हल पॉलिसी गळ्यात मारली आणि वर म्हणतो, 'सगळं कव्हर आहे भाऊ, टेन्शन काहून घेता?' त्या लांबलचक पीडीएफमध्ये दुचाकीचा उल्लेख मला एकाच जागी सापडला, तोही काय-काय मिळणार नाही त्या यादीत. तिघांकडे गिअरच्या बाईकचं लायसन्स आहे, चौथ्याकडे फक्त कारचं, पाचवा मागेच बसणार. पडलो-झडलो तर दवाखान्याचं बिल नक्की कोण भरतं?

आरटीओ_गल्ली

50,000 चा आकडा नंतर बघा, आधी लायसन्स. त्या कलमाचा अर्थ बहुतेक वेळा असा निघतो: अपघात ज्या देशात झाला, तिथे ती गाडी चालवायचा वैध परवाना असेल तरच दावा. नागपुरात काय चालतं, याला तिथे किंमत नाही.

थायलंडमध्ये आपली आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटची पुस्तिका, चालते. सारथी पोर्टलवर फॉर्म 4ए, फी 1,000 रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट, तिकीट. पत्त्याप्रमाणे एमएच-31, 49 किंवा 40 चं ऑफिस. मुदत एक वर्ष. पुस्तिका हातात पडली की खिडकीसमोरून हलायच्या आधी पान उघडा आणि 'ए' वर्गाची नोंद आहे का ते पाहा. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार. नुसत्या बी वर स्कूटर चालवली, तर विमा कंपनीच्या लेखी तुम्ही विनापरवानाच.

कारवाल्या गड्याने आजच एमसीडब्ल्यूजीचं (गिअरच्या मोटरसायकलचं) लर्निंग काढावं. त्यानंतर 30 दिवस थांबून टेस्ट, मग आयडीपी. वेळेत जमलं नाही तर त्यानेही मागे बसावं, लाजायचं काम नाही.

व्हिएतनाममध्ये मात्र गाडं अडतं. आपली आयडीपी 1949 च्या जिनिव्हा कराराखालची. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराखालची मानतो आणि भारत त्या करारात नाही. म्हणजे ए ची नोंद असूनही तिथे तुमची पुस्तिका शून्य. दुकानदार बाईक देतो, कारण त्याला भाड्याशी मतलब. म्हणून हा जांगला 'इझी रायडर' घ्या: स्थानिक चालवतो, तुम्ही मागे. वळणं तीच, डोंगर तेच.

दावा_डेस्क

वरचं सगळं बरोबर, फक्त मागे बसणारा आपोआप सुटतो असं समजू नका. काही पॉलिसींत अपवाद 'चालक किंवा प्रवासी' असा दोघांना मिळून लिहिलेला असतो. इझी रायडर घेतला तरी हे कलम वाचाच.

पीडीएफमध्ये नुसतं 'ॲडव्हेंचर' शोधून थांबू नका. मोटरसायकल, सीसी, हेल्मेट, अल्कोहोल, पॅसेंजर हेही शोधा. सीसीची मर्यादा सगळीकडे नसते, पण असली तर फार चिल्लर फरकाने माणूस बाहेर फेकला जातो. 150 ची अट आहे आणि तुम्ही पीसीएक्स 160 स्कूटर उचलली, तर तिचं इंजिन 157 सीसीच्या आसपासचं. सात सीसीने दावा गेला. क्लिक 125 घेतली तर हा वादच उरत नाही.

दारू: थायलंडमध्ये मर्यादा 100 मिलीलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम, लायसन्स तात्पुरतं असेल किंवा वैध नसेलच तर 20. व्हिएतनाममध्ये शून्य. पण विमा कंपनी या आकड्यांच्या आधी कॅज्युअल्टीचा कागद वाचते. 'तोंडाला दारूचा वास' एवढी एक ओळ डॉक्टरने लिहिली की प्रकरण तिथेच अडकतं. घेतलेली नसेल तर त्याच वेळी रक्त तपासायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

आता बिलाचं. खासगी हॉस्पिटल ऑपरेशनआधी डिपॉझिट मागतं. पॉलिसीवर जो असिस्टन्स नंबर असतो, त्यावर भरती होताच फोन करायचा. मग हॉस्पिटल त्यांना खर्चाचा अंदाज पाठवतं आणि तिकडून पैसे भरण्याचं हमीपत्र येतं. ते आलं की कॅशलेस, तोवर तुमचं कार्ड. हमीपत्र रखडतं ते बहुतेक लायसन्स, आयडीपी आणि पोलिस रिपोर्टपायी. म्हणून या सगळ्याचे फोटो पाचही जणांच्या मोबाइलमध्ये हवेत. जो पडतो, त्याचाच मोबाइल फुटतो.

आणि डिडक्टिबल बघा. 100 डॉलर असेल तर पहिले 100 तुमचेच. सायलेन्सरला पोटरी भाजणं, हे पर्यटकांचं ठरलेलं दुखणं, त्यातच संपतं. स्कूटरवरून डावीकडून उतरा, सायलेन्सर उजवीकडे असतो.

महालचा_मन्या

थायलंडमध्ये गाडीला सरकारी सक्तीचा विमा असतोच ना बे, पोर रोर बोर का काय ते? मग एवढा घोर कशाला?

दावा_डेस्क

असतो, पर्यटकालाही मिळतो, पण किती ते बघा. चूक कुणाची हे न पाहता उपचाराचे 30,000 बाथपर्यंत. समोरच्याची चूक ठरली तर 80,000 पर्यंत. पाईच्या 762 वळणांत बरेच जण आपणहून, रेतीवर घसरून पडतात. तिथे तुमची मजल 30,000 वरच थांबते. सरकारी रुग्णालयात तेवढ्यात बरंच होतं, खासगीत मांडीच्या हाडात रॉड टाकायचा तर ते सुरुवातीलाच उडतात. तरी बाईक घेताना त्या विम्याची मुदत तपासा, दुकानं ढिलाई करतात.

गाडीचं नुकसान मात्र यात बसत नाही. ट्रॅव्हल पॉलिसीतल्या 'पर्सनल लायबिलिटी'तूनही (तुमच्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा भाग) मोटार वाहन वगळलेलं असतं. म्हणजे बाईकची भरपाई खिशातून, आणि समोरच्या माणसाचं सक्तीच्या विम्यापलीकडचं जे निघेल तेही. दुकानदार म्हणूनच पासपोर्ट ठेवून घेतो. देऊ नका. रोख डिपॉझिट द्या आणि चावी घ्यायच्या आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे जवळून.

धंतोली_अस्थी

परतीचं कुणी बोललं नाही. प्लास्टर नवं असेल तर विमानात आत सूज वाढून पाय आवळतो. एअरलाइन साधारण 48 तास थांबायला सांगते, नाहीतर प्लास्टर उभं चिरून घ्यावं लागतं. पाय मोडलेला असेल तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळा, त्याचं इंजेक्शन डॉक्टरला विचारून. सोबत फिट-टू-फ्लाय पत्र, म्हणजे विमानाने जायला हरकत नाही असं डॉक्टरचं पत्र. पाय लांब ठेवायचा तर जास्तीच्या सीट, झोपून यायचं तर स्ट्रेचर, म्हणजे इकॉनॉमीच्या अनेक सीटचे पैसे. कंपनी ते 'वैद्यकीय गरज' म्हणून आधी मंजूर करते तेव्हाच देते. स्वतः बुक करून मग बिल लावलं तर भांडण. मुंबई किंवा दिल्लीहून नागपूरचा टप्पा त्या मंजुरीत आहे का, हेही लेखी विचारा.

ऑपरेशन झालं असेल तर एक्स-रे फिल्म किंवा सीडी, ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटचे (हाडात बसवलेल्या रॉड-प्लेट-स्क्रूचे) स्टिकर घेऊनच निघा. स्टिकरवर कंपनी आणि माप असतं. पुढे प्लेट काढायची वेळ आली तर स्क्रूच्या खाचेला बसणारा स्क्रूड्रायव्हर जुळवावा लागतो, आणि स्टिकर नसेल तर इथला सर्जन अंदाजाने सेट मागवतो. पुढचं ड्रेसिंग, फिजिओ हा खर्च ट्रॅव्हल पॉलिसीत बहुधा नसतो. तो इथल्या मेडिक्लेमवर जातो, पण त्यातही भरती न होता केलेला खर्च सहसा नाही.

बर्डीवाला

एजंटला विचारलं. म्हणतो, 'फोनवर कंपनीने हो सांगितलं.'

दावा_डेस्क

फोनवरचं 'हो' दाव्याच्या दिवशी कुणाला आठवत नाही. पॉलिसीवरच्या ईमेलवर तुम्ही स्वतः लिहा: अमुक तारखा, थायलंड, भाड्याची 125 सीसी स्कूटर, ए वर्गाची आयडीपी, हेल्मेट, आणि व्हिएतनाममध्ये परवानाधारक स्थानिक चालकामागे प्रवासी. दोन्ही ठिकाणी अपघाती उपचार देय आहेत का, कलम क्रमांकासह कळवा. उत्तर येईपर्यंत बाईक बुक करू नका.

पुढे दावा नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा होतो. तिथे पहिला कागद तो ईमेलच लावायचा.