160 चौरस फुटांतल्या गप्पा

ताई, वेगळी खोली देता येत नाही म्हणून तीन वर्षांचा लेक मागे पडेल, ही तुमची भीती समजते. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. 160 चौरस फुटांत आम्ही सात जण. आई डाळिंब्या सोलता सोलता विचारायची, "आज शाळेत काय झालं?" आणि माझं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलायची नाही. चार लोकांत बोलायला मी तिथेच शिकलो. बाबा दुसऱ्या पाळीहून आले की दिवा न लावता जेवायचे, आमची झोपमोड नको म्हणून.

खोलीपेक्षा मोबाइलचं बघा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय. लोकलमधून दमून आल्यावर अवघड जातं, खरंय. तरी निदान जेवताना मोबाइल बंद ठेवा आणि लेकाला बोलू द्या.