जुनी गाडी घरी आली, आता पुढे काय? (अनुभव धागा)

कडुनिंबाखाली
आज सकाळी समोरच्या घरी सेकंड हँड स्विफ्ट आली. हार, नारळ, पेढे झाले आणि मग तिघं-चौघं बॉनेट उघडून आत डोकावून राहिले होते. ते पाहून आमच्या पहिल्या जुन्या गाडीचे दिवस आठवले, म्हणून हा धागा. गाडी कशी निवडायची यावर सगळेच बोलतात, घरी आणल्यावर काय करायचं यावर कोणी बोलत नाही. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. नागपूरचं ऊन धरून लिहा, पुण्याचे सल्ले इथे पुरत नाहीत.

सुरुवात मी करतो. मागच्या मालकानं "सगळं आत्ताच बदललं" म्हटलं आणि बिल दाखवलं नाही, तर काहीच बदललेलं नाही असं धरा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल पहिल्या आठवड्यातच नवं. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, तिथून पुढचा हिशेब आपला. लहान पेट्रोल गाडीला ऑइल तीन-साडेतीन लिटर लागतं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघा, दुकानदाराला विचारू नका. ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच लावायला सांगा. जुना लावला की थेंब थेंब गळत राहतं आणि मग बोल्ट जास्त आवळून चेंबरचे आटे जातात. ऑइल भरल्यावर इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, मग सपाट जागेवर डिपस्टिक बघायची. वरच्या खुणेच्या वर गेलं तर तेही काढा. क्रँक म्हणजे खाली फिरणारा दांडा ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही.

पाना_नंबर_दहा
ऑइलच्या आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी बघा भाऊ. नवतपा, मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आहे.

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, गरम असताना हातही लावू नका. आतलं कूलंट स्वच्छ हिरवं, लाल, जे असेल ते आरपार दिसलं पाहिजे. गंजाच्या रंगाचं गढूळ निघालं तर कोणीतरी नळाचं नाही तर बोअरचं पाणी टाकत आलं आहे. कूलरच्या खसेवर जो पांढरा कडक थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

गढूळ कूलंट काढायची पद्धत अशी: खालून सगळं सोडा, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा. वरचा जाड पाइप गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला आणि पाणी सगळीकडे फिरलं. बंद, थंड, परत सोडा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिक्स डबा घेतला तर त्यात आणखी पाणी टाकायचं नाही. भरताना हवा अडकते, म्हणून झाकण उघडं ठेवून चालवा आणि बुडबुडे थांबले की पातळी पुन्हा भरा.

झाकणही बदला. दाब राहिला तर आतलं पाणी शंभरच्या बऱ्याच वर गेलं तरी उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी सिग्नलवर उकळून बाहेर येतं आणि लोक रेडिएटरला दोष देतात. जुन्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, नवं त्याच आकड्याचं घ्या.

कडुनिंबाखाली
थर्मोस्टॅटचं पण लिहा ना. इथले काही मिस्त्री काढूनच टाकतात.

पाना_नंबर_दहा
काढू देऊ नका. "नागपुरात कशाला लागते" म्हणतात, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी इंजिन गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडते. ओळखायची खूण: हायवेवर काटा नेहमीच्या जागेवरून खाली येत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच आहे.

सक्करदरा_ताई
कैऱ्या चिरता चिरता वाचून राहिले. कागदांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून पटकन लिहिते.

विकणाऱ्याची फॉर्म २९ आणि ३० वर सही. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाही तर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहते. नंबर एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, ४० ग्रामीण, ४९ पूर्व, हे बघून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागतो. जुना फास्टॅग त्याच्याकडून बंद करवून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का बघा. पैसे देण्याआधी नंबर टाकून थकलेले चलान तपासा.

मनीषनगर२२
ताई, लोणच्याला मोहरीची डाळ किती घेता किलोला?

सक्करदरा_ताई
पाव किलो. मेथी भाजून वेगळी. पण इथे गाडीचं चालू आहे जी 🙂

नागनदीकाठ
महत्त्वाचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. धुऊन-पुसून चमकवलेली अशी गाडी वरून ओळखू येत नाही, म्हणून पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखायची ते नीट वाचा.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग नेहमी गुंडाळलेला राहतो त्यावर गाळाची आडवी रेघ किंवा बुरशीचे डाग दिसतात. बेल्ट कोणी धूत नाही. मग स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, बारीक चिकट माती हाताला लागते. सीटचे बोल्ट जिथे फ्लोअरला लागतात तिथला गंज बघा. कोपऱ्यातून गालिचा उचला, खालचा फोम दाबा. फ्यूज बॉक्समधले टोक हिरवट झालेत का? दोन हेडलाइट्सपैकी एकच नवी असेल तर कारण विचारा.

अशी गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगच्या जोडात ओल राहते, तांबं हळूहळू खाल्लं जातं, आणि वर्षभरानं कधी एअरबॅगचा लाइट, कधी काच अडकणं, असं एकेक सुरू होतं. मिस्त्री सेन्सर बदलत राहतो आणि दोष जोडात असतो. त्या पावसात ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांचं खरंच वाईट वाटतं, पण विकताना सांगायलाच पाहिजे ना.

वर्धारोड
टायर. बाजूवर डॉट लिहिलेलं असतं, त्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, सहा वर्षांवरचा टायर समृद्धीवर नेऊ नका. इथल्या उन्हात रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. स्टेपनीची तारीख पण वाचा, ती बहुतेक वेळा गाडीच्याच वयाची निघते.

आणि "उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा" हे ऐकू नका. उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्यानं उष्णता वाढते आणि टायर फुटतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे सकाळी थंड टायरमध्ये भरा. चालवल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसतंच, ते काढायचं नाही.

काटोलनाका
+१. शिवमडक्याला समृद्धीवर चढण्याआधी पंपावर हवा भरणारे बघतो, वर्धा रोडनं तापून आलेल्या टायरमध्ये. घरूनच भरून निघा.

डिझेलभक्त
इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे पहिल्या दिवशी माहीत पाहिजे. १.३ मल्टिजेट डिझेलला चेन आहे. डस्टर-लोगनच्या १.५ डिझेलला बेल्ट. आय-टेनच्या १.१ पेट्रोलला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. बेल्टला किलोमीटर आणि वर्षं दोन्हींची मर्यादा असते, जे आधी येईल ते. कमी चाललेली जुनी गाडी इथेच फसवते. ४० हजार किमी दिसतात, पण बेल्ट दहा वर्षांचा असतो. १.५ डिझेलमध्ये तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडच उतरवावं लागतं. बदलताना टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या, सोबत घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. मजुरी तीच लागते, पंप सहा महिन्यांनी गळला तर सगळं परत खोलायचं.

चेनवाल्यांनी सकाळच्या पहिल्या स्टार्टला कान द्या. दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबत असेल तर टेन्शनर किंवा चेन ढिली. ऑइल वेळेवर न बदलल्याचं लक्षण.

मनीषनगर२२
क्लच कसा तपासायचा?

डिझेलभक्त
सपाट जागा, समोर कोणी नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घसरते. एकदाच करा, वारंवार नाही.

एसी_शिवाय_नाही
एसीत "गॅस कमी आहे, भरून घ्या" म्हटलं की आधी विचारा, गेला कुठे? जोडांवर तेलकट डाग म्हणजे तिथूनच गळते. गॅस मोजून भरणारं मशीन पाहिजे. लहान गाडीला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर. अंदाजानं जास्त भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर कट होतो आणि मे महिन्यात सिग्नलवर गार हवा बंद. त्याआधी केबिन फिल्टर काढून बघा आणि कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, हलक्या पाण्यानं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पत्र्या वाकतात.

सक्करदरा_ताई
कैऱ्यांना मीठ-हळद लावून परत आले. गॅरेजमध्ये एकट्या जाणाऱ्या बायकांसाठी: काढलेला जुना भाग परत द्या असं आधीच सांगायचं. नव्या फिल्टरवर मार्करनं तारीख स्वतः टाकायची. बिलावर पार्ट नंबर मागायचा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

काटोलनाका
हे पुरुषांनीही करावं ताई.

कडुनिंबाखाली
झाडाखाली लावणाऱ्यांसाठी: वायपरच्या खालच्या जाळीत कडुनिंबाची पानं साचतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पहिल्या पावसात पाणी आत पायाशी येतं. जूनच्या आधी हातानं काढा.

नागनदीकाठ
बॅटरी राहिली. रात्रभर उभी गाडी, सकाळी मल्टिमीटर: १२.६ व्होल्ट छान, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. याच्या खाली असेल तर बॅटरी नका बदलू, आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट बघा.

मनीषनगर२२
चिखलदऱ्याला जायचं आहे पुढच्या शनिवारी. ब्रेक ऑइल आत्ता बदललं तर चालेल ना?

पाना_नंबर_दहा
चालेल काय, बदलूनच जा. डॉट ४ नवं असताना २३० डिग्रीला उकळतं, हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की १५५ पर्यंत येतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफ होते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदल. चारही चाकांच्या ब्रेकमधून अडकलेली हवा काढायला लावा, नुसती बाटली रिकामी करून भरणं म्हणजे बदलणं नाही. आणि उतरताना दुसरा गिअर.