वाघनखी नेमकी कोणती?

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायवाटेवर काढलेल्या एका फोटोतलं लाल-पिवळं फूल कळलावी की वाघनखी, असा फोटोखाली दोघांचा वाद चाललाय. अहो, दोन्ही बरोबर! घोळ एवढाच की वाघनखी म्हणून आपल्याकडे आणखी एक झाड ओळखतात, मार्टिनिया ॲनुआ. ते मूळचं मेक्सिकोकडचं, पडीक जागेत माजणारं. त्याच्या वाळलेल्या काळ्या फळाला दोन आकडे असतात, म्हणून त्याला विंचूही म्हणतात.

फोटोतली वेल मात्र कळलावी, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बाच, आपल्याच रानातली. शंका असेल तर पानाचं टोक बघा. ते लांबट होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरून वर चढतं. फुलाची मान खाली, पण सहाही पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा नागमोडी. पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. स्त्रीकेसर तर बुडाशीच काटकोनात मुडपलेला!

अग्निशिखा, खड्यानाग ही हिचीच नावं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव अजून टिकून आहे, कुळ तेवढं बदललं: जुन्या पुस्तकांत लिलिएसी, आता कोल्चिकेसी.

आणि फोटोखाली 'कंद घरी आणून लावतो' म्हणणाऱ्या दादांना: रानातला उपटू नका, नर्सरीत मिळतो. लावलात तरी लहान मुलांपासून लांब. सगळ्या वेलीत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात तर भरपूर, आणि रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत.