विषय: बाणेरचा भाडेकरूसकट फ्लॅट, शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचं का?

मंजिरी, प्लेन्सबरो

मंडळी, घाईत लिहितेय. त्या बाणेरच्या टू बीएचकेचं शेवटी १ कोटी ५ लाखांवर येऊन थांबलंय. एजंट शुक्रवारपर्यंत टोकन मागतोय. आत भाडेकरू आहे, ३२ हजार देतो, करार अजून काही महिने शिल्लक आहे. एजंटच्या मते साडेतीन टक्क्यांच्या वर सुटतात आणि भाडं पहिल्या महिन्यापासून चालू. मालक पुण्यातलेच. तोच भाडेकरू ठेवला तर मला वेगळं काय करावं लागेल? शिरीषदादा, तुमच्या वाकडच्या फ्लॅटचं असंच होतं ना?

शिरीष, एडिसन

मंजिरी, असंच होतं, पण माझ्याकडे कंपनी भाडेकरू होती. सगळा फरक तिथेच पडतो.

आत्ताचे मालक भारतात राहतात, म्हणून तो पूर्ण ३२ हजार देतो. तू अमेरिकेत राहतेस, म्हणून मालकीण तू झालीस की त्याने दर महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापायचा कर, कापून सरकारजमा करायला हवा. ९,९८४ कापले जाणार आणि तुझ्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं बँक खातं) २२,०१६ येणार. शिवाय त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. कंपनी हे सगळं करतेच, पण नोकरी करणारा माणूस हे तुझ्यासाठी का करेल, ते आधी त्याला विचार.

विनय, पर्सिपनी

५० हजारांच्या आत भाडं असेल तर टीडीएस नसतो. उगाच घाबरवू नका तिला. माझे भाडेकरू पूर्ण भाडं टाकतात, आजवर कुणी विचारलेलं नाही.

शिरीष, एडिसन

विनय, ती मर्यादा मालक निवासी असेल तर. मालक अनिवासी असला की पहिल्या रुपयापासून कपात. आणि कापलं नाही तर ती थकबाकी भाडेकरूच्या गळ्यात, व्याजासकट. त्या बिचाऱ्याला हे माहीतही नसतं. मंडळाच्या करसत्रात मी हे दरवर्षी सांगतो. इथे 'कुणी विचारलं नाही' असं लिहिलं की वाचणारे तसंच करतात, म्हणून कृपा करून लिहू नका.

विनय, पर्सिपनी

सत्र तुमचं, मान्य. पण भाडेकरू सांभाळणं वेगळं. त्याला टॅन काढ म्हटलं की तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये पुणेकर मालक शोधणार. मग एक महिना घर रिकामं आणि नवा माणूस आणणाऱ्या एजंटला एका महिन्याची दलाली. झाले ६४ हजार. कायदा सांगताना हेही सांगा.

सुमनकाकू, एडिसन

अगं, एवढं कशाला? सरळ आईच्या नावावर घे. ती पुण्यात आहे, भाडंही तिच्याच हातात येईल. आम्ही माझ्या जावेच्या वेळी असंच केलं होतं, सगळं सुरळीत झालं.

अनघा, प्लेन्सबरो

काकू, तुमच्या सांगण्यामागची काळजी कळते, पण हे करू नये. पैसे मंजिरीचे आणि खरेदीखत एकट्या आईच्या नावावर, हे बेनामी कायद्यात अडकू शकतं. नवरा-बायको आणि मुलं यांना त्यात सूट आहे. आईवडील आणि भावंडांच्या बाबतीत आपलं नाव सहमालक म्हणून कागदावर लागतं. आईला पैसे बक्षीस देऊन तिने घेतलं तर चालतं, पण मग फ्लॅट खरोखर आईचा. पुढे वारसाहक्कात भाऊ-बहीण सगळे येतात. मंजिरीला धाकटा भाऊ आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

आता त्या साडेतीन टक्क्यांबद्दल, कारण ते कुणीच तपासलेलं नाही. मंजिरीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणीचे ३० हजार, एजंटचा एक टक्का. एकूण १ कोटी १३ लाखांच्या आसपास. वर्षाचं भाडं ३ लाख ८४ हजार. मेंटेनन्स महिना साडेचार हजार धरला तर ५४ हजार, मालमत्ता कर साधारण २२ हजार, आणि भाडेकरू बदलला तर विनयचे ६४ हजार. उरतात २ लाख ४४ हजार, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्याही आत. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. जुन्या पावतीवर ती सवलत धरलेली आहे का, ते बघ.

शिरीष, एडिसन

अनघाचा हिशेब बरोबर. एक भर घालतो: कापलेला टीडीएस बुडत नाही. घरभाड्यातून ३० टक्के वजावट आपोआप मिळते, आणि नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. भारतात तुझं दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरून सगळं परत. पण तोवर वर्षाचे जवळजवळ १ लाख २० हजार अडकून राहतात. कमी कपातीचा दाखला काढता येतो, फक्त तो भाडेकरूच्या टॅनशी बांधलेला असतो आणि दर आर्थिक वर्षाला नवा लागतो. भाडेकरू गेला की दाखलाही गेला.

विनय, पर्सिपनी

आणि रुपया? २०१४ मध्ये डॉलर साठच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३ च्या वर. सव्वादोन टक्के तिथेच धुऊन जातात. फ्लॅटची किंमत वाढेल या आशेवर घ्यायचा असेल तर तसं म्हणा, भाड्यासाठी म्हणू नका.

सुमनकाकू, एडिसन

अनघा, कळलं गं. माझ्या जावेचं जुनं प्रकरण आहे, तेव्हा कुणी एवढं सांगितलं नव्हतं. पण पाण्याचं कुणी का बोलत नाही? बाणेर-बालेवाडीला उन्हाळ्यात टँकर येतात. माझ्या भाचीच्या सोसायटीत सकाळी सहाला टँकरचा पाइप टाकीत सोडतात आणि पार्किंगमध्ये तळं साचतं. त्याचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो. मंजिरी, सोसायटीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागव. टँकरवर किती गेले, ती ओळ वाच.

अनघा, प्लेन्सबरो

काकूंचं पटलं. त्याच कागदांत बिगर-भोगवटा शुल्कही दिसेल, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. तरीही भाडेकरू ठेवला म्हणून दुप्पट मेंटेनन्स लावणाऱ्या कमिट्या आहेत. आणि भोगवटापत्राची (इमारतीत राहायला महापालिकेची परवानगी) प्रत बघितल्याशिवाय टोकन नाही.

संदीप (लिस्ट व्यवस्थापक)

दोन जणांनी एजंटचे फोन नंबर पाठवले होते, ते मी पुढे सोडलेले नाहीत. दलालांची जाहिरात इथे नको, हे गुढीपाडव्याच्या सभेत ठरलं आहे. बाकी चर्चा चालू ठेवा. कुलमुखत्यारपत्राबद्दल मला थेट मेल आली, तिचं उत्तर सर्वांसाठी: इथे केलेलं पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

मंजिरी, प्लेन्सबरो

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला सांगितलं, ताळेबंद, भोगवटापत्र आणि मालमत्ता कराची पावती आल्याशिवाय टोकन नाही. तो म्हणाला दुसरा ग्राहक तयार आहे. असू दे. भाडेकरूशी मी स्वतः फोनवर बोलले. टॅनचं ऐकून त्याने करार संपल्यावर सोडेन असं सांगितलं. म्हणजे आता भाड्याचा हिशेब रिकाम्या घरापासून मांडायचा, आणि त्या भागात कंपनी लीज मिळते का ते बघायचं. शिरीषदादा, तुमच्या वेळी कंपनीशी करार कुणी करून दिला होता? मला वेगळ्या मेलवर कळवा, म्हणजे संदीपच्या नियमातही बसेल. आणि कुणाचे आई-वडील किंवा भावंडं बालेवाडी हायस्ट्रीटजवळ राहतात का? शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला कुणी सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन वॉचमनला टँकरचं विचारून आलं तर फार मदत होईल.

विनय, पर्सिपनी

माझे सासरे तिथेच राहतात, रोज पहाटे फिरायला जातात. पत्ता पाठव, सांगतो त्यांना.