नंबर प्लेट बनवण्याचा परवाना छोट्या दुकानदाराला मिळू शकतो का?

प्रश्न : रेडियमवाला, विजापूर रोड, सोलापूर

वडिलांच्या काळापासून आमचे रेडियम आणि नंबर प्लेटचे दुकान आहे. एचएसआरपीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटची, सक्ती झाल्यापासून या कामाला ओहोटी लागली आहे. अशी प्लेट तयार करण्याचा, किंवा निदान विकण्याचा आणि बसवण्याचा, अधिकार आमच्यासारख्याला कायद्याने मिळू शकतो का? शिवाय प्लेट तुटली म्हणून साधी करून द्या, किंवा ८०५५ हा आकडा ‘बॉस’ असा वाचता येईल अशी कोरून द्या, असे म्हणत गिऱ्हाईक अजूनही येते. त्याला काय सांगावे?

उत्तर १ : निवृत्त कारकून, जुळे सोलापूर

बनवण्याचा अधिकार मिळणे जवळजवळ अशक्य आहे, असे स्पष्टच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि २००१ चा एचएसआरपी आदेश यांनुसार उत्पादकाला आपली प्लेट आधी पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते. ॲल्युमिनियमचा पत्रा, क्रोमियमचे अशोकचक्राचे होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक हे सगळे त्यात आले. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना प्लेट पुरवण्याची जबाबदारी वाहन कंपनीची आहे. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्याने विभागवार तीन एजन्सी नेमल्या असून दुचाकीचा दर ४५० रुपये आणि त्यावर जीएसटी असा ठरवून दिला आहे. बसवण्याची केंद्रे या एजन्सीच नेमतात, त्यामुळे आपल्याला काही वाट असेल तर ती तेवढीच. आपल्या भागाचे काम ज्या एजन्सीकडे आहे, तिच्याकडे लेखी विचारणा करावी.

‘बॉस’वाल्याला मात्र नकारच द्यावा. नियम ५१ मध्ये अक्षरांची उंची, जाडी आणि त्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले आहे. चारचाकीसाठी ते अनुक्रमे ६५, १० आणि १० आहे. तिथे कलाकुसरीला वाव नाही.

उत्तर २ : अशोक चौकातला

नियम कागदावर चोख आहेत, पण अडचण अंमलबजावणीत आहे. २००१ च्या आदेशाप्रमाणे जुनी प्लेट जमा करून ती नष्ट झाल्याची खात्री पटल्यावरच नवी द्यायची असते, आणि वाटलेल्या प्लेटची रोजची नोंद ठेवून ती वेळोवेळी परिवहन कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहायची असते. माझ्या मोटरसायकलला नवी प्लेट बसवली, तेव्हा केंद्रावरच्या मुलाने जुनीचे दोन स्क्रू काढले, फडक्याने पुसली आणि ‘घ्या काका’ म्हणत माझ्याच हातात ठेवली. ती आता आमच्या माळ्यावर आहे. कोणाला चोरीच्या गाडीवर लावायची असती तर त्याला दुकानातसुद्धा जावे लागले नसते! रेडियमवाल्यांवर बोट ठेवण्याआधी हे भोक बुजवायला हवे.

उत्तर ३ : होटगी रोडवरून

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर वेगळा मार्ग काढला आहे, तो इथे सांगण्यासारखा वाटतो. तिथल्या २००१ च्या वाहन गुन्हे कायद्यानुसार १ जानेवारी २००३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नंबर प्लेट विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी करावी लागते. त्यासाठी एकदाच ४० पौंड शुल्क भरावे लागते. पुढे गिऱ्हाइकाची ओळख आणि गाडीवरचा त्याचा हक्क सिद्ध करणारी कागदपत्रे पाहिल्याशिवाय प्लेट देता येत नाही, विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते आणि प्लेटवर पुरवठादाराचे नाव व पिनकोड छापावा लागतो. म्हणजे छोटा दुकानदार बाजारात टिकतो आणि प्लेट कुठून आली याचा मागही लागतो. तरी कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या आणि दुसऱ्याच्या क्रमांकाच्या प्लेट तिथेही चालतात, कारण शुल्क इतके कमी की कोणीही सहज नोंदणी करतो आणि दुकानांची तपासणी फारशी होत नाही. आपण मूठभर उत्पादकांवर भर दिला, त्यांनी विक्रेत्याच्या वहीवर. माझ्या मते दुकानदाराची वही आणि गिऱ्हाइकाचे आरसी बुक या दोन गोष्टी आपल्याकडेही सक्तीच्या करता आल्या असत्या.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, आभारी आहे. वहीची सूचना मला पटली. आरसी बुकाची झेरॉक्स घेतल्याशिवाय वडीलसुद्धा चारचाकीची प्लेट करत नसत. पण तो आमचा शिरस्ता होता, नियम नव्हता. प्लेट तुटलेल्या गिऱ्हाइकाचे काय करावे, हे मात्र कोणी लिहिले नाही.

उत्तर १ : निवृत्त कारकून, जुळे सोलापूर

ते राहूनच गेले. तुटलेली प्लेट टाकून देऊ नका असे त्याला सांगावे, कारण बदली प्लेट मागताना ती जमा करावी लागते. मागणी त्याने अधिकृत एजन्सीकडेच नोंदवावी. चारचाकी असेल आणि काचेवरचा स्टिकर फाटला असेल, तर त्याचीही मागणी त्याच वेळी करावी. दरम्यानच्या दिवसांसाठी साधी प्लेट करून देण्याचा मोह आवरावा. दोनशे रुपये सुटतात हे खरे, पण ती गाडी कुठे सापडली तर पहिली विचारपूस ती प्लेट कोणी करून दिली याचीच होईल.